वेड्या मुंगीचं गोत्र

१७९४ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या तुरुंगात एक पाद्री जमिनीवर नजर खिळवून बसला होता. पिएर आंद्रे लात्रेय त्याचं नाव. क्रांतीनंतरच्या राजवटीने धर्मगुरूंवर निष्ठेच्या शपथेची सक्ती केली होती आणि याने ती घेतली नव्हती. अशा पाद्र्यांचं पुढे काय होतं, हे कोठडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तपासणीला आलेल्या डॉक्टरने पाहिलं, तर हा गृहस्थ फरशीवरच्या एका किड्यात गुंग! विचारल्यावर म्हणाला, हा भुंगा दुर्मीळ आहे. डॉक्टरलाही काय वाटलं कोण जाणे, त्याने तो भुंगा उचलून गावातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाला नेऊन दिला. मुलाचं नाव बोरी द सँ-व्हँसाँ. त्याला किड्यांचा नाद होता आणि लात्रेयचं लेखन त्याने वाचलेलं होतं. मुलाने ओळखीपाळखी काढल्या, खटपट केली आणि पाद्री सुटला. बाकीचे कैदी महिनाभरात मेले, असं सांगतात.

तो तांबड्या मानेचा भुंगा पुढे लात्रेयच्या थडग्यावर कोरला गेला. आपल्याला मात्र त्या पाद्र्याने नंतर काय केलं, याच्याशी मतलब आहे. तो पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात लागला आणि १८०२ मध्ये त्याने मुंग्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात आफ्रिकेतल्या सेनेगलहून आलेल्या एका बारीक काळ्या मुंगीचं वर्णन होतं. तिला त्याने नाव दिलं ‘फॉर्मिका लाँगिकॉर्निस’. आज तिचं कूळ बदलून ‘पॅराट्रेकिना’ झालं आहे, पण लाँगिकॉर्निस, म्हणजे लांब शिंगांची, हे तिचं नाव कायम राहिलं.

ही सेनेगलची मुंगी तुम्ही आज सकाळी ओट्यावरून फडक्याने पुसून काढली असण्याची शक्यता बरीच आहे.

आपल्याकडे घरात ‘काळी मुंगी’ या एका नावाखाली बरंच गणगोत सामावलेलं असतं. आंब्या-बाभळीच्या बुंध्यावरून खाली-वर करणारा मोठा मुंगळा वेगळा. पोटाचं टोक पाठीवर उचलून धरणारी, झाडावर काळपट पुठ्ठ्यासारखं घरटं बांधणारी वेगळी. सह्याद्रीतला तांबूस सुतारपक्षी तिच्याच घरट्यात बीळ करून अंडी घालतो. डोकं-छाती काळपट आणि पोट फिकट, अशी आणखी एक बारीक मुंगी साखरेच्या डब्याशी दिसते. यातली कुठलीही आपली नायिका नव्हे. आपली नायिका ओळखायची ती चालीवरून. इतर मुंग्या रांग धरतात. ही रांग धरल्यासारखं करते आणि मध्येच सटकते, उलटी वळते, गोल फिरते, थांबते, पुन्हा सुसाट सुटते. इंग्रजीत तिला ‘क्रेझी अँट’ म्हणतात ते याचमुळे.

भिंगाखाली तिला पाहायची तर आधी ती धरता आली पाहिजे. जेमतेम तीन मिलिमीटरची, पण पाय इतके लांब की अंग जमिनीला टेकतच नाही. मिशांचं कोपरापर्यंतचं पहिलं कांडंच डोक्याच्या मागे निम्मं बाहेर येतं. उजेड तिरका पडला की काळ्या पाठीवर निळसर झाक चमकते आणि पाठीवर फिकट, राठ केस उभे दिसतात. नांगी नाही. चिरडली की किंचित आंबट वास येतो. काळी मुंगी चावत नाही, हे घराघरातलं म्हणणं हिच्या बाबतीत जवळपास खरं आहे, आणि त्यामुळेच आपण हिच्याकडे कधी धड पाहिलेलं नाही.

पाहिलं कुणी? १८५१ मध्ये मद्रासेत ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य टी. सी. जर्डन याने दक्षिण हिंदुस्थानातल्या मुंग्यांची यादी छापली. त्यात भटकी म्हणून नोंदलेली एक मुंगी आहे. ती हीच, हे नंतर उघड झालं. पाच वर्षांनी, १८५६ मध्ये, नायलँडर नावाच्या अभ्यासकाला ती चक्क पॅरिसच्या वनस्पती उद्यानातल्या काचघरात सापडली. म्हणजे लात्रेयच्या संग्रहालयाच्याच अंगणात! त्यानेही तिला नवी समजून नवं नाव ठेवलं. आपल्या मुंबई इलाख्यात रॉबर्ट रॉटन नावाचा जंगलखात्याचा अधिकारी होता. पुण्याच्या आसपास मुंग्या जमवायच्या आणि स्वित्झर्लंडमध्ये ऑग्युस्त फोरेलकडे पाठवायच्या, हा त्याचा उद्योग. फोरेल त्या वेळी झुरिकच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख होता. वेड्या मुंग्यांना याहून योग्य पत्ता मिळाला नसता. १८९२ मध्ये रॉटनने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘आपल्या मुंग्या’ या अर्थाच्या शीर्षकाखाली लेखमाला लिहिली. या मुंगीच्या बाबतीत त्या ‘आपल्या’ला वजन यायला मात्र एकशे तीस वर्षं जायची होती.

दरम्यान मुंगी पसरत होती. जहाजातल्या मालातून, रोपांच्या कुंड्यांतून, लाकडातून. उष्ण कटिबंधातलं बंदर आणि तिथे ही नाही, असं सहसा होईना. थंड देशांतही तिला गरम इमारती मिळाल्या. सगळ्यात नाट्यमय प्रसंग ॲरिझोनाच्या वाळवंटातला. तिथे ‘बायोस्फिअर २’ नावाचं काचेचं बंदिस्त जग उभारलं होतं. आत छोटं वर्षावन, छोटा समुद्र, शेत. १९९१ मध्ये आठ माणसं दोन वर्षांसाठी आत गेली आणि दार लावून घेतलं. हवा, पाणी, अन्न, सगळ्याचा हिशेब मांडलेला होता. या मुंगीचा हिशेब कुणी मांडला नव्हता. १९९६ मध्ये जेम्स वेटरर आणि सहकाऱ्यांनी आतली पाहणी केली, तेव्हा त्या जगात वेड्या मुंगीचं राज्य होतं. इतर किडे जवळजवळ नाहीसे झाले होते. उरले होते ते चिलखती अंगाचे, मातीत दडणारे अगदी बारीक, किंवा गोड रस पाझरणारे मावा-पिठ्या ढेकूण, ज्यांच्यावर ही मुंगी पोसते.

इथे खरा पेच उभा राहतो. चार मुंग्या कुंडीतून नव्या देशात उतरतात. त्यांची पिल्लावळ वाढते. ती एकमेकांशीच जुळणार, कारण दुसरं कुणी नाहीच. बहीण-भावांचे संबंध पिढ्यान्‌पिढ्या होत राहिले की वंश खंगतो, हे गोठ्यातल्या माणसालाही कळतं. मुंग्यांमध्ये तर याची शिक्षा फार लवकर मिळते. मधमाश्या, गांधीलमाश्या आणि बऱ्याच मुंग्यांमध्ये लिंग ठरवणारी जागा दोन्ही गुणसूत्रांवर एकसारखी आली, तर फलित अंड्यातून मादीऐवजी निरुपयोगी नर निपजतो. तो काम करत नाही आणि वंशही चालवत नाही. म्हणून तर बहुतेक मुंग्यांना पावसाच्या तोंडावर पंख फुटतात आणि त्या घरापासून दूर उडून परक्या घरट्यातला जोडीदार गाठतात.

आपल्या नायिकेची राणी उडतच नाही. मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, अशी आपली म्हण. या राणीचे पंख उडण्याआधीच गळतात. दमट संध्याकाळी नर घरट्याच्या तोंडाशी गोळा होतात, राण्या तिथेच वावरतात आणि जुळणं होतं ते घरट्यात किंवा उंबऱ्यावर. म्हणजे भाऊ-बहिणींतच. एवढं असूनही ही मुंगी खंगत नाही, उलट जग व्यापते. हे कसं?

उत्तराची पहिली चाहूल दुसऱ्याच मुंगीत लागली. २००५ मध्ये द्नी फुर्निए, लोरां केलर प्रभृतींनी ‘नेचर’मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या एका बारीक आगमुंगीवरचा निबंध छापला. त्यातलं विधान इतकं विपरीत होतं की पटायला वेळ लागावा: या मुंगीत राण्या आईच्या हुबेहूब नकला असतात आणि नर बापाच्या. पुढच्या वर्षी जपानमधल्या एका मुंगीतही तसंच आढळलं. केलर तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात होता. फोरेलचं जन्मगाव तिथून हाकेच्या अंतरावर. याच लोझानमध्ये केलर, मॉर्गन पिअर्सी आणि अमेरिकेतला मायकेल गुडिस्मन यांनी वेडी मुंगी हाती घेतली. घरट्यातच जुळणारी आणि तरी न खंगणारी मुंगी म्हणून त्यांचा तिच्यावर डोळा असणं साहजिक होतं.

हत्यार साधं होतं. डीएनएमध्ये काही ठिकाणी एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. किती वेळा येतो, तो आकडा आईबापांकडून मुलांकडे जातो. कोर्टात बापाची ओळख पटवताना याच जातीची चाचणी करतात. राण्या, नर आणि कामकरी मुंग्या, तिघांचेही असे आकडे काढायचे आणि शेजारी शेजारी मांडायचे.

हा ताळेबंद नुसता वाचून पुढे जाण्यासारखा नाही, बोट ठेवून पाहण्यासारखा आहे. खालचे आकडे केवळ समजण्यापुरते धरू. एका जागी राणीकडे १२ आणि १६ असे दोन आकडे आहेत. मादीकडे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, म्हणून दोन. तिच्याशी जुळलेल्या नराकडे एकच आकडा आहे, २०. कारण मुंग्यांत नर फलन न झालेल्या अंड्यातून येतो आणि त्याच्याकडे एकच प्रत असते.

आता संतती. कामकरी मुंग्यांचे आकडे निघतात १२ आणि २०, किंवा १६ आणि २०. एक आईचा, एक बापाचा. रीतसर.

पुढच्या पिढीच्या राण्या पाहा. त्याही मुलीच आहेत, तेव्हा त्यांच्यातही २० हवा. पण निघतं १२ आणि १६. पुन्हा पाहावं, तर पुन्हा १२ आणि १६. बापाचा मागमूस नाही. मुलगी आईची नक्कल आहे.

आणि नर. मुंग्यांच्या सगळ्या नियमांनी नराला बापच नसतो. त्याचा आकडा आईकडचा, १२ किंवा १६ असायला हवा. निघतो २०. ज्या अंड्यातून तो आला ते अंडं राणीने घातलं, पण त्या अंड्यात राणीचं काहीच उरलेलं नाही. सगळं आहे ते बापाचं. आई आहे आणि तरीही नाही! मला विचाराल तर मुलीपेक्षा हा मुलगाच अचाट. माद्यांनी नराशिवाय वंश चालवणं निसर्गात इतरत्रही दिसतं. मावा किडे करतात, काही पाली करतात. पण स्वतः अंडं घालू न शकणाऱ्या नराने दुसरीचं अंडं निव्वळ भांड्यासारखं वापरून स्वतःची नक्कल काढणं, ही शुद्ध घुसखोरी आहे. बहुधा फलन झाल्यावर अंड्यातली आईची गुणसूत्रं काढून टाकली जातात आणि बापाची एकच प्रत शिल्लक राहते.

पिअर्सी, गुडिस्मन आणि केलर यांचा निबंध २०११ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. राण्या जवळजवळ नेहमीच आईच्या नकला, नर बापाच्या नकला आणि कामकरी मात्र दोघांच्या मिलनातून. एवढ्याने आधीचा पेच आपोआप सुटतो. घरट्यात जन्मलेले भाऊ आणि बहीण कागदोपत्री सख्खे आहेत, पण त्यांच्यात एकही वारसा सामाईक नाही. बहीण आईच्या ओळीची, भाऊ बापाच्या ओळीचा. ते जुळले तरी ते परक्यांचंच जुळणं. त्यातून निघणारी प्रत्येक कामकरी मुंगी ताजी संकरित.

जालन्याकडचे बियाणे पिकवणारे शेतकरी हे लगेच ओळखतील. संकरित कपाशीसाठी नर वाण वेगळा राखायचा, मादी वाण वेगळा राखायचा, दोघांना आपापल्या परीने शुद्ध ठेवायचं आणि दर हंगामाला त्यांचा संकर करून विकायचं ते पहिल्या पिढीचं बी. जोम त्या पहिल्या पिढीतच असतो. वेडी मुंगी नेमकं हेच करते. राण्यांची ओळ शुद्ध, नरांची ओळ शुद्ध आणि राबायला सोडते ती संकरित फौज. फरक इतकाच की शेतकऱ्याला दरवर्षी हातांनी फुलं खुडावी लागतात.

त्या फौजेचा जोम पाहायचा तर शेवेचा बरा मोठा तुकडा जमिनीवर ठेवून बसावं. एकटी येते, भोवती दोन गिरक्या घेऊन नाहीशी होते. थोड्या वेळाने दहाबारा जणी तुकड्याला चारी बाजूंनी लागतात आणि तुकडा निघतो. डुलतो, अडखळतो, दिशा बदलतो, पण घराकडे जातो. इस्राएलमधल्या रेहोव्होत इथल्या वाइझमन संस्थेत ओफर फायनरमन यांच्या गटाने याच मुंगीला नाश्त्याची धान्याची कडी देऊन तिचं चित्रण केलं. ओढणाऱ्या बहुतेक जणी बाकीच्यांच्या मागे मागे जोर लावतात. मध्येच एखादी बाहेरून येऊन चिकटते. तिला घराची दिशा नुकतीच कळलेली असते आणि दहा-वीस सेकंद सगळी पालखी तिचं ऐकते. मग तिची माहिती शिळी होते, दुसरी येते. २०१५ च्या त्या निबंधात गणितही आहे, पण चित्रफीत पाहिली की पुरे. पुढे याच गटाने टी आकाराचं ओझं दोन फटींतून पार करायचं कोडं मुंग्यांना घातलं आणि माणसांनाही. मुंग्यांचा घोळका वाढला तसं त्यांचं काम सुधारलं. माणसांच्या तोंडाला मास्क आणि डोळ्यांना काळे चष्मे लावून बोलायची बंदी केली, तर त्यांचा घोळका कधीकधी एकट्या माणसापेक्षाही वाईट ठरला. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या सभांत तर बोलायची पूर्ण मुभा असते, तो भाग वेगळा.

राहिला प्रश्न गोत्राचा. ही मूळची कुठली? लात्रेयला ती सेनेगलहून मिळाली, म्हणून आफ्रिका? बरेच अभ्यासक आशियाकडे बोट दाखवत होते. मग २०१३ मध्ये पूर्व आफ्रिकेतून तिच्या कुळातली दुसरी जिवंत जात नोंदली गेली आणि आफ्रिकेचं पारडं पुन्हा जड झालं. चुलत बहीण जिथे, तिथलंच माहेर असणार, हा तर्क काही वाईट नव्हता.

यावर उपाय एकच होता. जिथे जीव मुळात नांदतो तिथे त्याच्या डीएनएमध्ये विविधता सगळ्यात जास्त असते. बाहेर गेलेल्या टोळ्या त्यातला थोडाथोडा वाटा घेऊन जातात. तेव्हा जगभरातून ही मुंगी गोळा करा आणि विविधता कुठे साठलेली आहे ते बघा. शू-पिंग त्सेंग आणि सहकाऱ्यांनी तेच केलं. २०२३ मध्ये ‘मॉलिक्युलर इकॉलॉजी’त छापलेल्या त्यांच्या निबंधात विविधतेचा ढीग सापडला तो भारतीय उपखंडात. बहुधा हेच तिचं माहेर, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मद्रासच्या जर्डनने जी भटकी म्हणून नोंदली आणि रॉटन ज्या मुलखातून मुंग्या वेचत होता, त्या मुलखाचीच ही लेक निघाली. सेनेगलला ती लात्रेयच्या आधीच कधीतरी पोचलेली होती.

त्याच निबंधात दुसरी गोष्ट आहे आणि ती अधिक बोचरी आहे. दुहेरी नकलांचा हा प्रकार परदेशी गेलेल्या टोळ्यांनी गरजेपोटी काढलेला नाही. माहेरीही तोच. जगभरातल्या राण्या एका वंशरेषेच्या, नर दुसरीचे, आणि या दोन रेषा एकमेकींत मिसळत नाहीत. संकट आल्यावर शोधलेली ही युक्ती नव्हे. ही जमात ती युक्ती गाठीला बांधूनच जहाजात चढली.

मग त्या दोन रेषा फुटल्या कधी, आणि कुठून? त्या एकाच जातीच्या दोन शाखा होत्या, की राण्यांची जात एक आणि नरांची मुळात दुसरीच? याची उकल पॅरिसच्या कपाटात टाचलेल्या नमुन्यांतून होणार नाही, ॲरिझोनाच्या काचघरातूनही होणार नाही. विविधता इथे आहे, तेव्हा राण्या इथल्याच वेचाव्या लागतील. एसटी स्थानकाच्या फरशीखालून, रेल्वेच्या मालधक्क्यावरून, तुळशीच्या कुंडीच्या बुडातून. प्रत्येक राणीचे आकडे काढायचे, नरांचे काढायचे आणि पुन्हा एकदा शेजारी शेजारी मांडायचे.